स्क्रूड्रायव्हर हातातच राहू द्या

आईबाबांनो, आज माझीच एक चूक सांगून सुरुवात करते.

पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढल्यावर निवृत्तीनंतर मी गच्चीवरच्या खोलीत शनिवारी मुलांचा इलेक्ट्रॉनिक्सचा छंदवर्ग सुरू केला. आठवी ते दहावीची दहा-बारा मुलं येतात. दाराची बेल, पाण्याची टाकी भरल्यावर वाजणारा भोंगा, दिवाळीला एलईडीचा आकाशकंदील, असलं काहीबाही करत बसतात. त्यातला नववीतला एक मुलगा हाताचा फार सफाईदार. सोल्डरिंग करायचा तर थेंब जिथल्या तिथे, मोत्यासारखा. एका शनिवारी त्यानं विचारलं, "मॅडम, तारेचा रेझिस्टन्स कमी केला की करंट वाढतो ना? मग त्याच बॅटरीवर तार जास्त तापेल ना?" मी खूश! फळ्यावर ओहमचा नियम मांडला, आकडे घालून गणित करून दाखवलं, वर "असे प्रश्न पडले पाहिजेत" म्हणत सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

महिन्याभरानं त्याची आई आली. पिशवीतून एक जुनी कंपासपेटी काढून तिनं माझ्यापुढे उघडली. आत कर्कटक नव्हतं, कोनमापक नव्हता. कापसाचा बोळा होता, केसाएवढ्या तारेचं वेटोळं होतं, बिनसुईची सिरिंज होती, आंब्याच्या वासाची एक चिमुकली बाटली होती आणि पोट उघडलेला एक व्हेप होता. "हे तुमच्याकडे शिकवतात का हो?" तिनं विचारलं. आवाज चढवला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

मी शिकवलं नव्हतं. पण प्रश्न कशासाठी विचारलाय, हे मीही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मी या विषयात डोकं घातलं. जे कळलं ते आज तुमच्याशी बोलायचंय. धाक घालायला नव्हे. तुमच्या मुलाला यातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं आणि ते अंतर थोडं कमी व्हावं म्हणून.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. ई-सिगारेट म्हणा, व्हेप म्हणा, पॉड म्हणा. पोटात सगळं सारखंच. एक लिथियम बॅटरी, एक तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल, त्याला चिकटलेला कापूस आणि तो कापूस भिजवणारा द्रव. ओढलं की तार तापते, द्रवाची वाफ होते, ती छातीत जाते. आजचं हे रूप होन लिक या चिनी औषधतज्ज्ञानं २००३ साली घडवलं. तो स्वतः सिगारेटच्या व्यसनात होता. म्हणजे ही वस्तू जन्मली ती सिगारेट ओढणाऱ्या मोठ्या माणसासाठी. नववीतल्या पोरासाठी नव्हे.

मग मुलं ती का उघडतात? याचं उत्तर तिच्या इतिहासातच आहे. सुरुवातीच्या ई-सिगारेटमध्ये द्रव धरून ठेवायला पॉलिएस्टरचा पिंजलेला बोळा असायचा. तो लवकर कोरडा पडायचा. अमेरिका-इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी मग घरीच खटपट सुरू केली. कुणी बोळा काढून टी-बॅगचं झिरझिरीत कापड कोंबलं, कुणी माशांच्या टाकीतल्या फिल्टरचा फोम कापून बसवला, कुणी टॉर्चच्या नळकांड्यात मोठी बॅटरी घालून जास्त धूर काढला. अशा फेरफार केलेल्या यंत्राला 'मॉड' नाव पडलं आणि पुढे कंपन्याच तयार मॉड विकू लागल्या. खाली तापलेली तार, वर प्लॅस्टिकचे धागे नाहीतर फोम. छातीत नेमकं काय जातंय हे मोजायची सोय त्यातल्या कुणाकडेच नव्हती. आपल्याकडे 'विषाची परीक्षा कशाला घ्या' म्हणतात. ही मंडळी ती परीक्षा रोज स्वतःच्या फुप्फुसावर घेत होती.

आपल्याकडचं पोर हेच करतं, फक्त कारण वेगळं असतं. व्हेप चोरून आणलेला, महाग. संपला की फेकवत नाही. मित्र सांगतो, "उघड, भर, परत चालतो." जे पोर रेडिओ उघडतं, रिमोट उघडतं, ते हेही उघडणारच. इथे चार धोके आहेत. ते एकेक करून सांगते, कारण 'वाईट असतं ते' एवढ्यावर हे वय थांबत नाही.

पहिला धोका बॅटरीचा. फळ्यावर मी जे गणित मांडलं होतं तेच इथं मांडते. पूर्ण चार्ज झालेली लिथियम बॅटरी ४.२ व्होल्टची. तिला ०.१ ओहमची तार जोडली तर करंट येतो ४२ अँपिअर. तुमच्या गीझरचा मोठा प्लग असतो १६ अँपिअरचा. बोटाएवढ्या बॅटरीकडून गीझरच्या अडीचपट करंट मागायचा, आणि तोही तोंडाशी धरून! बॅटरी आतून तापते, आतला ज्वालाग्राही द्रव वायू होऊन फुगतो आणि नळकांडं सगळीकडून बंद असेल तर त्याची बंदुकीची नळी होते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या स्फोट-आगीच्या १९५ घटना नोंदवल्या. बऱ्याचशा खिशात असताना किंवा ओढत असताना घडलेल्या. २०१८ च्या मे महिन्यात फ्लोरिडात एका माणसाचा जीव त्यातच गेला. बॅटरीला मर्यादा घालणारं छोटं सर्किट असतं. मुलं व्हेप उघडतात तेव्हा बहुधा तेच आधी तोडतात किंवा टाळतात. त्यांना वाटतं, ते 'पॉवर अडवतंय'. ते जीव वाचवतंय, हे त्यांना मी सांगायला हवं होतं.

दुसरा धोका कापूस आणि तारेचा. घरातला औषधाचा कापूस, उशीतला कापूस, उघडलेल्या टोस्टरची तार, हाताला येईल ते. कापूस कोरडा पडला की तार त्यालाच भाजते. त्या वेळी घशात जो जळका चटका बसतो त्याला मुलं 'ड्राय हिट' म्हणतात. तो चटका म्हणजे आतून आलेली पावतीच. जास्त तापवलेल्या द्रवातून फॉर्माल्डिहाइड तयार होतं, तारेतून निकेल-क्रोमिअमसारखे धातू वाफेत उतरतात. फॉर्माल्डिहाइड म्हणजे काय, असं मूल विचारील. प्रयोगशाळेतला बरणीतला बेडूक ज्या द्रवात ठेवतात, त्यातलं ते.

तिसरा धोका मला सगळ्यांत मोठा वाटतो, कारण तो स्वयंपाकघरातून येतो. बाटलीतला द्रव संपला की मुलं घरात शोधतात. केकचा इसेन्स, पुदिन्याचं तेल, केमिस्टकडची कॅप्सूल. "खातो ना आपण हे? मग ओढलं तर काय होतं?" हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. इथे पोट आणि फुप्फुस यांतला फरक समजावून सांगा. पोटात आम्ल आहे, पाचकरस आहेत, शेवटी बाहेर टाकायची वाट आहे. फुप्फुसात तेल गेलं की ते पचवायला तिथं कुणी नाही.

याचा धडा अमेरिकेनं २०१९ साली घेतला. उन्हाळ्यात तरुण मुलं धाप लागून दवाखान्यात येऊ लागली. खोकला, छातीत दुखणं, ताप, उलट्या. एक्स-रेमध्ये फुप्फुसं पांढुरकी. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण नोंदले गेले, ६८ दगावले. डॉक्टरांनी ५१ रुग्णांच्या फुप्फुसातला द्रव तपासला तेव्हा ४८ जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडलं. हा तोच पदार्थ जो गोळीत आणि त्वचेच्या क्रीममध्ये निरुपद्रवी असतो. बहुतेक रुग्णांनी गांजाच्या अर्काची कार्ट्रिज वापरली होती आणि ती मित्राकडून नाहीतर चोरबाजारातून आणली होती. कुणीतरी कुठेतरी घरात बसून द्रव दाट दिसावा म्हणून त्यात हे तेल मिसळलं होतं. त्यालाही बहुधा वाटलं असेल, लोक खातात की हे.

त्याच्याही आधीची गोष्ट आहे. २००० साली मिझुरी राज्यातल्या पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांची फुप्फुसं कायमची निकामी झालेली आढळली. कारण निघालं लोण्याचा वास देणारं डायॲसिटिल. खायला चालणारं, हुंगत राहायला घातक. पुढे २०१५ साली हार्वर्डच्या संशोधकांनी ५१ फ्लेवरची ई-सिगारेट तपासली, तर ३९ मध्ये तेच होतं. बाटलीवरचा आंबा, खस, चॉकलेट हे फक्त वासाचं नाव आहे. आत आंबा नाही.

चौथा धोका दुसऱ्यानं भरून दिलेल्या पॉडचा. 'दादानं भरून दिलाय' हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ३८ शाळांत जप्त झालेले ५९६ व्हेप तपासले आणि २०२४ मध्ये निष्कर्ष जाहीर केला: सहातल्या एकात 'स्पाइस' हा कृत्रिम नशेचा पदार्थ. मुलं समजत होती, साधा गांजा किंवा निकोटीन आहे. ज्यांनी तो ओढला त्यांना रंगावरून, वासावरून काहीच कळलं नसतं. हा देश कुठला? जिथे व्हेपला परवानगी आहे, टाकी २ मिलिलिटरहून मोठी नको, निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमहून जास्त नको, असे नियम आहेत, तो. आपल्याकडे तर सारा मालच चोरवाटेनं येतो. त्याची तपासणी कोण करणार?

इंग्लंडचं नाव मुद्दाम काढलं. मुलगा तुम्हाला ऐकवेल, "तिकडे डॉक्टरच सिगारेट सोडायला व्हेप देतात." हे खोटं नाही. तिथे सिगारेट ओढणाऱ्या मोठ्या माणसाला सरकारी आरोग्यसेवा व्हेपकडे वळायला सांगते, कारण जळत्या तंबाखूपेक्षा तो कमी घातक मानतात. पण तेच लोक सांगतात, सिगारेट न ओढणाऱ्यानं आणि मुलांनी व्हेपला शिवूच नये. ही दोन्ही वाक्यं मुलाला सांगा. अर्धं सांगून वाद जिंकायला गेलात तर उरलेलं अर्धं तो मोबाईलवर वाचेल आणि पुढचं काहीच तुमच्याकडून ऐकणार नाही.

निकोटीनचं वेगळं सांगायला हवं. अमेरिकेत गाजलेल्या जूलच्या पॉडमध्ये जेमतेम पाऊण मिलिलिटर द्रव असायचा. त्यातलं निकोटीन साधारण वीस सिगारेटींच्या पाकिटाइतकं, असं कंपनीच सांगायची. सिगारेट पहिल्यांदा ओढणाऱ्याला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं. शरीर नको म्हणतं. या नव्या द्रवात निकोटीन क्षाराच्या रूपात असतं, त्यामुळे घसा खवखवत नाही आणि शरीराचा नकार आपल्याला ऐकूच येत नाही. पंचविशीपर्यंत मेंदू घडत असतो. सवयीची पाऊलवाट या वयात पडली की तिचा रस्ता व्हायला वेळ लागत नाही.

घरात लहान भावंड असेल तर ती बाटली म्हणजे थेट विष. २०१४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचं बाळ निकोटीनचा द्रव पोटात जाऊन दगावलं. त्यानंतर अमेरिकेनं अशा बाटल्यांना मुलांना उघडता न येणारी झाकणं सक्तीची केली. आपल्याकडच्या चोरट्या बाटलीला कसली आलीय सक्ती? द्रव चुकून प्यायला किंवा बराच अंगावर सांडला तर घरगुती उपाय करू नका, उलटी काढायला जाऊ नका. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

आता कायद्याचं. भारतानं १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी आणली, त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. बनवणं, आयात, विक्री, वाटप, वाहतूक, साठवण, जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हातात कसब असलेल्या तुमच्या मुलासाठी यातला एक शब्द महत्त्वाचा आहे. या कायद्यात 'उत्पादन' म्हणजे कारखानाच लागतो असं नाही. ई-सिगारेट किंवा तिचा एखादा भाग बनवणं, जोडणं हेही त्यात येतं. वर्गातल्या मित्रांचे पॉड पन्नास-पन्नास रुपयांत भरून देणाऱ्या मुलाला वाटतं, आपण खर्चाला चार पैसे मिळवतोय. कायद्याच्या नजरेत तो कुठे जाऊन उभा राहतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. हे त्याला शांतपणे सांगा. पोलिसांची भीती घालून नको.

ओळखायचं कसं, असं तुम्ही विचाराल. टेबलावर पेनड्राइव्हसारखं काहीतरी, ज्यात फाइल उघडत नाही. कंपासपेटीत कापूस. बिनसुईची सिरिंज. बाथरूममधून येणारा गोड वास, जो कुठल्याच साबणाचा नाही. सारखी तहान, सकाळचा कोरडा खोकला, तासाभरानं उगाच होणारी चिडचिड. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणून लगेच छापा घालू नका. सिरिंज शाईच्या पेनासाठीही असू शकते!

आणि सापडलंच तर? त्या आईनं जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. तिनं पेटी शाळेत नेली नाही, वडिलांपुढे आपटली नाही. माझ्याकडून घरी गेली, मुलाच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "हे तू जोडलंस? कसं जोडलंस ते मला दाखव." मुलगा आधी गप्प. मग हळूहळू बोलायला लागला. जोडणीबद्दल बोलता बोलता कुणी दिलं, कधीपासून, किती वेळा, हेही बाहेर आलं. कान धरला असता तर एवढंच कळलं असतं की कान दुखतो.

दुसऱ्या शनिवारी तो वर्गात आला तेव्हा मी सगळ्या मुलांसमोर माझं अर्धवट राहिलेलं गणित पुरं केलं. ४२ अँपिअर लिहिले, शेजारी गीझर काढला. मग संरक्षक सर्किट म्हणजे काय ते उलगडून दाखवलं. कुणाचं नाव घेतलं नाही. तो खाली मान घालून उतरवून घेत होता. उघडलेली बॅटरी आम्ही मिळूनच निकालात काढली: टोकांना चिकटपट्टी लावली आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिली. तुम्हीही ती कचऱ्याच्या बादलीत टाकू नका, ठोकू नका, टोचू नका. फुगलेली असेल तर चार्जिंगला तर मुळीच लावू नका.

व्यसन मात्र गणितानं सुटत नाही. सोडल्यावर पहिले काही दिवस वाईट जातात. झोप नाही, अभ्यासात लक्ष नाही, दारं आपटणं. त्या काळात त्याला 'नाटकं करतोस' म्हणू नका. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८०० ११ २३५६ हा क्रमांक मोफत आहे. मनाची घालमेल जास्तच असेल तर १४४१६ वर 'टेलि-मानस' आहे. हा मुलगा मध्ये दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्यानं आईला स्वतः येऊन सांगितलं, आणि तेवढ्यासाठी तिनं त्याला रागावणं टाळलं. धाप लागली, छातीत दुखलं आणि डॉक्टरांकडे जावं लागलं तर व्हेपचं लपवू नका. इज्जतीपायी ही एक गोष्ट झाकली तर डॉक्टर भलत्याच दिशेनं शोधत बसतील.

एक कडू घोटही सांगते. आजी मशेरी लावते, काका तळहातावर चुना-तंबाखू मळतात, बाबा पार्टीत 'एखादीच' ओढतात. आणि पोराला सांगायचं, निकोटीन विष आहे. त्याला हसू येतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकत नाही. त्या मोफत क्रमांकावर मोठ्यांनीही फोन केला तर चालतो. बापलेकांनी एकाच दिवशी सोडायला घेतलं तर दोघांनाही सोपं जातं.

त्या आईनं पुढे मला विचारलं होतं, "आता त्याचं सोल्डर गन, स्क्रूड्रायव्हर सगळं काढून घेऊ का?" मी हात जोडले. जो हात व्हेप उघडतो, तोच उद्या मिक्सर उघडील, इन्व्हर्टर दुरुस्त करील, कदाचित दवाखान्यातलं यंत्रही. हात रिकामा केलात तर तो पुन्हा कंपासपेटीकडे जाईल. काढून घ्यायचा तो व्हेप. स्क्रूड्रायव्हर राहू द्या, फक्त त्याच्याशेजारी एक स्टूल ओढून बसा.

म्हणून एवढंच मागणं आहे. आज जेवणं झाल्यावर टीव्ही लावण्याआधी मुलाच्या टेबलाशी जा. विचारा, "काय उघडून बसलायस?" आणि उत्तर येईपर्यंत तिथंच बसा. मी तो प्रश्न एक महिना उशिरा विचारला.